भोरड्या आणि भगत

सुकदेवाने काल माझ्यासाठी भगत आणला. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. हा पुढे, भगत मागे आणि त्यांच्या मागे निम्मी गल्ली. पोटचा मुलगा, सातवी पास, चावडीवर लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो, मामलेदाराच्या कारकुनाशी शुद्ध बोलतो. आणि आईला काय झालं हे आईलाच विचारावं, एवढं त्याला सुचलं नाही. मी दोन इयत्ता शिकले, पण मला सुचलं असतं.

झालं होतं एवढंच.

आमच्याकडे दादर ज्वारी पिकली की बियाण्याची कणसं मी निवडते. हे काम सासूने मरताना माझ्या हाती दिलं, दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. उभ्या पिकात ओळीओळीने फिरायचं, टपोऱ्या दाण्याचं भरलेलं कणीस दिसलं की त्याला तांबडा दोरा बांधायचा. ती कणसं आधी खुडून वेगळी ठेवायची, मगच वावराला विळा लावायचा. परवा मी तेच करत होते. निम्मं वावर उरलं होतं, कापणीला चार दिवस होते, म्हणून दिवस कलला तरी मी थांबले. राखणीला निंबा होता, वावरातल्या उंच माळ्यावर. निंबा म्हणजे आमचा म्हातारा गडी, एका डोळ्याने अधू, जिभेने धडधाकट.

भोरड्या मी जन्मभर पाहिल्या. पाहिल्या म्हणजे हाकलल्या. दाणा भरायला लागला की या पाखरांचे थवे येतात, वावरावर उतरले तर कणसाचा नुसता झाडू राहतो. गोफण मारून मारून माझा उजवा खांदा कायमचा गेला. भोरडी दिसली की हात दगडाकडे जायचा. ती दिसते कशी, हे बघायला कुणाला सवड होती?

परवा दिवस तापीच्या पात्रात उतरत होता आणि मी बांधावरच्या बाभळीजवळ दोरा बांधत होते. अंगावरून सावली गेली. वर बघितलं, तर कोसभर लांबून एक काळा पट्टा येत होता. त्याच्या मागून दुसरा, नदीच्या अंगाने तिसरा. बरोबर माझ्या डोक्यावर ते एकमेकांत मिसळले. मोजायचं नावच नको. मग ते सगळं वळलं. एकदम, एका अंगाने. धुतलेलं काळं लुगडं चौघींनी चार टोकांना धरून झटकावं, तशी आभाळातून लाट गेली. वळताना त्यांची पोटं उन्हाकडे झाली आणि काळ्याचं गुलाबी झालं. पुन्हा काळं. पुन्हा गुलाबी. पंखांचा आवाज असा, की हजार बाया हजार सुपांनी पाखडत आहेत आणि एकही बोलत नाही.

तेवढ्यात ससाणा आला. वरून दगडासारखा पडला. मी म्हटलं, संपलं. तर त्या सगळ्या आवळून एवढासा गोळा झाल्या, काळाकुट्ट. ससाणा त्यातून आरपार गेला, रिकाम्या पायांनी. आणि गोळा उलगडला, एवढा की सगळं आभाळ पुरेना. एकीचाही पंख दुसरीला लागला नाही. आमच्या घरात पाच माणसं पंगतीला बसली तर कोपराला कोपर लागून भांडण होतं.

डोक्यावरचा पदर पडला, अंबाडा सुटला, दोऱ्याची गुंडी हातातून कुठे गेली कळलं नाही. कपाळावर एकीने घाण टाकली, तीही पुसली नाही. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. पण त्यातच मला राग आला. चाळीस वर्षं मी या वावरात येते. चाळीस वर्षं रोज सांजेला हे माझ्याच डोक्यावर चाललं होतं, आणि मी दिवेलागणीच्या आधी घरी जाऊन चुलीत फुंकर घालत होते! बाईने सांजेला घरात असावं. कुणी ठरवलं हे? ज्याने ठरवलं तो स्वतः बाहेर बसून बघत होता की काय?

निंबाने हाका मारल्या म्हणे. मला ऐकू आल्या नाहीत. त्याने काय बघितलं? सांजवेळ, बाभूळ, मोकळे केस, उघडं तोंड. धावत घरी जाऊन ओरडला, "सुकदेवभाऊ, अक्काले लागीर झायं!"

आणि सातवी पासने ते खरं मानलं.

म्हणून काल मला ओट्यावरून उठवून पाटावर बसवलं. कडुलिंबाचा पाला आला, मिरच्यांची धुनी आली. जीवराम भगताने सुपात दाणे टाकले, माझ्याकडे डोळे वटारले.

"बोल! तू कोन शे?"

"याची माय," मी सुकदेवाकडे बोट दाखवलं.

"कोठून उनी तू?"

"सोनगीरहून उनी. वरातमा, बैलगाडीवर बसीसन. तूच वाजंत्री वाजवाले व्हता, जीवराम. सूर चुकी ऱ्हायंता तुना."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. भगतही चपापला. सुपातले दाणे त्याने दोनदा मांडले, दोनदा मोडले. मग माझ्या जवळ वाकून हळूच विचारलं, "काय देखं व्हतं, अक्का?"

मी सांगितलं. सगळं, ससाण्यासकट. मग सूप उचलून तो उठला आणि सुकदेवाला म्हणाला, "भाऊ, तुनी मायले काहीच नही शे. मी बी देखेल शे ते, धाकला व्हतो तैं."

प्रकरण इथे थांबलं असतं तरी मी विसरले असते. पण सुकदेव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काही नसो. तरी आजपासून माय एकटी वावरात जाणार नाही. बियाणं यंदा शिरपूरहून आणू. गावात तोंड दाखवायचं आहे आम्हाला."

माझं निम्मं वावर दोऱ्याविना उभं होतं. तीन दिवस राहिले होते. सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी, आणि हा म्हणतो शिरपूरहून आणू!

मी पाटावरून उठले. धुनीवर तांब्याभर पाणी ओतलं. केस पुन्हा सोडले, मुद्दाम, आणि सगळ्या गल्लीदेखत त्याच्यासमोर उभी राहिले.

"सुकदेव, आईक. मी आते वावरमा जास, एकलीच, आनि दिवस बुडापर्यंत येवाव नही. माले काही लागेल नही. लागेल शे ते तुले. तू भुतले घाबरस नही, मना पोऱ्या, तू लोकेसले घाबरस. आनि त्यावर कोनताच भगतकडे दवा नही."