एकाच्या बदल्यात दोन

धुलाई कारखान्यात पाण्याची टाकी सांभाळणाऱ्याला सगळे मीठवाला म्हणत. इस्पितळाच्या चादरी खरखरीत निघाल्या की त्याच्या नावाने खडे फोडायचे, मऊ निघाल्या की कौतुक साबणाचं. तो मात्र कुणी सापडलं की मण्यांचं पुराण लावायचा. टाकीत बारीक मणी असतात, त्यांच्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्यांवर सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी आलं की साखळ्या त्यातलं कॅल्शियम धरतात आणि सोडियम सोडतात. "फुकट काही घेत नाहीत. एक कॅल्शियम घेतलं की दोन सोडियम परत." मणी भरले की वरून मिठाचं पाणी सोडायचं, मिठातलं सोडियम घेऊन मणी पुन्हा ताजे.

घरी थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. आता तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटॅशियम वाढलं तर हृदय कधीही दगा देईल. म्हणून भाज्या चिरून उकळायच्या आणि पोटॅशियम उतरलेलं ते पाणी फेकून द्यायचं. घरच्या नळाचं पाणी इतकं जड की पातेल्याला पांढरे पापुद्रे धरायचे, म्हणून मीठवाला टाकीचं मऊ पाणी कॅन भरून आणायचा. थोडं सोडियम चालेल का, हेही त्याने डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

तरी पोटॅशियम वाढतच गेलं.

"ताई, चोरून काय खातेस?"

"काही नाही रे. पाणीच हल्ली कडसर लागतं."

"औषधांनी तोंड कडू होतं," तो म्हणाला आणि फळांच्या कपाटाला कुलूप घातलं. रोज तोच प्रश्न, रोज तीच उलटतपासणी. शेवटी ती म्हणाली, "केळं खाल्लं." त्याने तिला नको नको ते सुनावलं. मनातून त्याला हायसं वाटलं, कारण निदान कारण तरी सापडलं.

एके दिवशी मिठाचं पोतं फाटलं. त्याने सहज चिमूट जिभेवर ठेवली. कडू.

"मीठ बदललं का?"

"केव्हाच," भांडारवाली म्हणाली. "नाल्यात सोडियम फार जातं म्हणून ओरड होती. हे पोटॅशियमचं, दिसायला तसंच. काम तेच करतं ना?"

मण्यांचा हिशोब त्याच्याइतका कुणाला पाठ होता? आता एक कॅल्शियम घेतलं की दोन पोटॅशियम परत. तेच पाणी त्याने तिला पाजलं होतं, त्यातच भाज्या उकळल्या होत्या. तो घरी धावला, तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, ती नुकतीच ताईला इस्पितळात सोडून आली होती.

ताई डोळे मिटून पडली होती. डॉक्टरांनी त्याला पाहून नकारार्थी मान हलवली.

"चिडू नकोस," ती म्हणाली. "केळं मी खाल्लंच नव्हतं. तू विचारून विचारून थकला होतास, म्हणून म्हटलं."

"माहीत आहे, ताई."

तिचा चेहरा सैल झाला. त्याने विश्वास ठेवला, एवढंच तिला हवं होतं. "घोटभर पाणी दे. तुझंच दे. शेजारणीने कॅन आणलाय."

तो कॅन घेऊन बाहेर गेला, मोरीत रिकामा केला, आणि इस्पितळाच्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन परत आला. तोवर परिचारिका तिच्या तोंडावर चादर ओढत होती. चादर त्याच्याच कारखान्यातून आलेली होती, अगदी मऊ.