तेविसावी गाडी

"मॅडम, ही बंद पडलीय."

कानसेनांनी लाकडी दांडी कानामागून काढली आणि समोरच्या छोट्या दुचाकीकडे संशयाने पाहिले.

"चालू आहे, काका," नव्या गाडीच्या इंजिनिअर मॅडम म्हणाल्या. "हात लावून बघा."

कानसेनांनी हात लावला. गाडी खरोखरच चालू होती. त्यांनी पुन्हा दांडी टेकवली, डोळे मिटले, श्वास रोखून धरला. कुठून तरी लांबून, बंद दारामागे कुणी बोलत असावे, तसे काहीतरी पुटपुटत होते. एक अक्षर कळेल तर शपथ. वैतागून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबले आणि समोरच्या जाळीमागून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला.

"आता बंद केली तर चालू झाली!"

"तो पंखा आहे, काका. इंजिन बंद झालं तरी पाणी गार होईपर्यंत तो थोडा वेळ फिरतो."

आजूबाजूचे चार-पाच जण खो-खो हसले. कानसेनही हसले, पण उगीच, सगळे हसताहेत म्हणून.

त्यांचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरले नव्हते. फार वर्षांपूर्वी एका साहेबांनी त्यांना गमतीने कानसेन म्हटले आणि ते चिकटले ते चिकटलेच. कामही तसेच होते. गाडी तयार झाली की शेवटी त्यांच्यापुढे यायची. ते हातभर लांबीच्या शिसवी दांडीचे एक टोक इंजिनाला लावत, दुसरे कानामागच्या हाडाला. डोळे मिटून मनात वीसपर्यंत मोजत. मग टाकीवर खडूने बरोबरची खूण, नाहीतर गाडी आल्या पावली परत. एकतीस वर्षांत त्यांच्या खुणेवाचून एकही गाडी फाटकाबाहेर गेली नव्हती. बाहेर पाठवताना खूण पुसून टाकत, त्यामुळे गाडी घेणाऱ्याला तिचा पत्ताही नसे, हा भाग वेगळा.

कारखानाही त्यांच्यासारखाच एकमार्गी. इतकी वर्षे एकच गाडी बनवली: मोठी, जड, वाऱ्यावर गार होणारी. दर चार वर्षांनी दिवा बदलायचा आणि नवी गाडी आली म्हणून जाहीर करायचे. पण त्या गाडीचे इंजिन मनमोकळे होते. काय दुखते-खुपते ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे. आता वरच्यांच्या मनात आले, की लोकांना हलकी, बुटकी, शहरात वळवता येईल अशी गाडी हवी. छोटे इंजिन जोरात फिरणार, जास्त तापणार, म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवले. त्या पाण्याने आवाज गिळून टाकला. मॅडम हे सगळे कागदावर चित्र काढून समजावून सांगत होत्या. कानसेन मान डोलावत होते आणि त्यांच्या डोक्यात काहीही शिरत नव्हते.

"पहिल्या चाळीस गाड्यांना तपासणी यंत्राच्या पडद्यावरचा हिरवा दिवा हवा आणि तुमची खूणही हवी," मॅडम म्हणाल्या. "मी भांडून मिळवलंय हे. जमलं, तर निवृत्तीपर्यंत तुम्ही इथेच."

"आणि नाही जमलं तर?"

मॅडमनी कागदाची घडी घातली. "पाहुण्यांच्या दालनात एक जागा आहे."

ती जागा सगळ्यांना ठाऊक होती. तिथे जुनी गाडी चौथऱ्यावर चढवून ठेवली होती. शाळेची सहल आली की तिला किक मारून दाखवायची आणि पोरांनी कानांवर हात ठेवायचे. निवृत्तीला सात महिने राहिले होते. म्हणजे सात महिने पोरांसमोर लाथा झाडत उभे राहायचे.

घरी गेले तर तिथे वेगळाच आनंदीआनंद.

"बाबा, मी तुमच्याकडची छोटी गाडी बुक केली," सून म्हणाली. "पहिल्या चाळिसातलीच मिळणार आहे."

सून इस्पितळात नर्स होती आणि उंचीने बेताची. लग्न झाल्यावर तिने हौसेने सासऱ्यांची मोठी गाडी चालवायला घेतली होती आणि पहिल्याच वळणावर गाडीसकट आडवी झाली होती. कानसेन धावत गेले आणि त्यांनी आधी गाडी उचलली. ही गोष्ट घरात अजूनही महिन्यातून एकदा निघते.

"पण तिच्यातलं काही ऐकू येत नाही गं," कानसेन म्हणाले आणि त्यांनी दालनातल्या जागेचे सांगितले.

"न येऊ दे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझं तरी कुठे येतं तुम्हाला? मला कुणी दालनात नाही ठेवलं."

त्यांना हसावे की रडावे कळेना. सुनेला हवी तशी गाडी मिळाली, याचा आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा होतही होता. पण त्याच गाडीने आपली जागा जाणार, हेही डोक्यातून जात नव्हते. मग त्यांनी ठरवले की पाण्याची भाषा शिकायची. संध्याकाळी ते न्हाणीघरात शिरले आणि भिंतीवरच्या नळाच्या पाइपाला दांडी लावून बसले. वरच्या मजल्यावर कुणीतरी पाणी सोडले. पाइप गुडगुडला. किती स्वच्छ, किती मोकळा आवाज! कानसेनांचा चेहरा उजळला. पाणी मुके नसते तर. वाहत्या पाण्याला आवाज असतोच.

बायको दारात येऊन उभी राहिली. "ताप आलाय का नळाला?"

"पाणी काय बोलतं ते ऐकतोय."

"मग तो गळतोय तेही ऐका. सहा महिने सांगतेय मी."

पुढच्या आठवड्यात चाळीस गाड्या एकामागून एक आल्या. पहिल्या दहा-बारा गाड्यांना कानसेनांनी निव्वळ पडद्याकडे बघून खुणा केल्या आणि घरी जाऊन जेवले नाहीत. तेराव्या-चौदाव्या गाडीला पाणी फिरवणाऱ्या पंपाची बारीक शिट्टी सापडली. सतराव्या गाडीला त्यामागची इंजिनाची टिकटिक हाती लागली. पण पाणी? पाणी कुठे बोलत नव्हते. मिठाची गुळणी धरून बसले होते जणू. पाइपात बोलते आणि इथे का बोलत नाही, हे कोडे त्यांना सुटेना. मॅडमना विचारायची लाज वाटली. एकतीस वर्षे कान लावून बसलेला माणूस, विचारणार काय, की पाणी कुठे गेले?

आणि तेविसावी गाडी गुडगुडली.

कानसेनांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. गुडगुड, थोडे थांबून पुन्हा गुडगुड. अगदी न्हाणीघरातल्यासारखे. पडद्यावर हिरवा दिवा लागलेला होता. जुन्या मोठ्या गाड्यांत बावीस एका सुरात आणि एक वेगळ्याच सुरात बोलते आहे, असे झाले असते, तर त्यांनी ती एक क्षणात बाजूला काढली असती. इथे मात्र त्यांची मती गुंग झाली. आजारी कोण? ही, की त्या बावीस? दांडी धरून ते वीसच्या जागी साठपर्यंत मोजत राहिले. आणि खरे सांगायचे तर त्यांना बरे वाटत होते. इतक्या दिवसांत एक गाडी त्यांच्याशी आपणहून बोलली होती. त्यांनी टाकीवर ठसठशीत खूण केली.

उरलेल्या सतरा पुन्हा मुक्या निघाल्या.

"सुनेची गाडी तुम्हीच निवडा, काका," मॅडम म्हणाल्या तेव्हा कानसेनांनी क्षणभरही विचार केला नाही. "तेविसावी द्या."

सोमवारी सकाळी सून ड्युटीवर निघाली आणि कानसेन तिच्या मागे बसले. कारखाना वाटेवरच होता. दुसऱ्याच्या मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवले. सुनेचे दोन्ही पाय चौकात जमिनीला टेकत होते आणि ती दर चौकात ते मुद्दाम टेकवून पाहत होती. त्यांना फार समाधान वाटले.

पुलाच्या चढावर गाडी मंदावली.

"बाबा, लाल दिवा लागलाय. कसला हो हा?"

"थांब! आधी बंद कर!"

गाडीखालून वाफ येत होती. पंखा घूंऽऽ करून फिरत होता. कानसेन रस्त्यावरच गुडघे टेकून बसले आणि पिशवीतली दांडी काढून त्यांनी इंजिनाला लावली. आत तीच गुडगुड होती, पण आता खदखदणाऱ्या भांड्यासारखी. आणि दांडी कानामागे असतानाच त्यांना उमगले. भरलेला पाइप कधी गुडगुडत नाही. वरच्या मजल्यावरून पाणी सोडल्यावर मधली हवा बोलते. हिच्यात पाणी भरताना हवा अडकली होती, आणि ती पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती.

"तुम्ही तपासली होती ना हिला?" सुनेने विचारले.

"हो."

"मग?"

कानसेनांनी दांडी पिशवीत घातली. सुनेने घड्याळ पाहिले. "वॉर्डात रात्रपाळीची नर्स काल संध्याकाळपासून उभी आहे. तिला सोडवायला हवं. मी चालत जाते, बाबा." ती रागावली असती तर बरे झाले असते. ती फक्त झपझप निघून गेली, आणि एकदा मागे वळून म्हणाली, "हात भाजून घेऊ नका."

गाडी गार झाल्यावर कानसेनांनी ती कारखान्यापर्यंत ढकलत नेली. मोठी गाडी असती, तर दहा पावलांत फेस आला असता. ही मुकाट चालत होती. हलकी आहे खरी, त्यांच्या मनात आले, आणि ती आजारी असताना तिच्यावर आपणच पोरीला बसवले, या विचाराने त्यांचे कान तापले.

दुपारी गाडी उघडली. हवाच निघाली. मॅडम एक छापील कागद घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"पडदा दोनच मिनिटं बघतो. एवढ्यात ती तापत नाही, म्हणून सुटली. तुमचा यात दोष नाही, काका. पाण्यामुळे ऐकू येतच नाही, मी पहिल्यापासून सांगतेय सगळ्यांना. 'आवाज आला नाही' असं लिहिते. इथे सही करा."

पेन पुढे आले. सही केली की प्रकरण मिटत होते. बहिऱ्याला कोण बोल लावणार? फार तर सगळ्या चाळीस गाड्या उघडून बघाव्या लागल्या असत्या.

"तसं लिहू नका," कानसेन म्हणाले. "मला आला होता आवाज."

"आला होता?"

"अगदी स्वच्छ. साठपर्यंत मोजत ऐकला."

"मग थांबवली का नाहीत?"

कानसेन दांडीवरून अंगठा फिरवत राहिले. इतकी शरम त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. "आवडला मला," ते म्हणाले. "चाळिसात एकटीच बोलत होती, मॅडम. वाटलं, ही तरी आपल्यातली आहे. म्हणून सुनेला दिली."

मॅडमनी पेनाला टोपण लावले. "हे लिहिलं, तर मला तुम्हाला इथे ठेवता येणार नाही."

"लिहा. आणि हेही लिहा, की बाकीच्या ज्या मी ऐकून सोडल्या, त्यांत तो आवाज नव्हता. पहिल्या दहा-बारांना मी पडदा बघून खुणा केल्यात, त्या तेवढ्या आणा. आज ऐकून सांगतो. उरलेल्या उघडू नका."

गाड्या आणल्या. कानसेनांनी त्या एकेक करून ऐकल्या आणि एकही परत पाठवली नाही. मॅडमनी खात्रीसाठी पाच गाड्या उघडून पाहिल्या. कुठेच हवा निघाली नाही. संध्याकाळी त्यांनी तेविसावीत पाणी नीट भरून ती पुढ्यात आणून उभी केली. कानसेनांनी टाकीवर पूर्वीच्या खुणेच्या जागी रुमाल फिरवला, दांडी लावली आणि वीसपर्यंत मोजले. मग खडू मॅडमच्या हातात दिला.

आता कानसेन पाहुण्यांच्या दालनात असतात. पोरे कानांवर हात ठेवतात. कधी एखादे धीट पोर विचारते, "काका, एवढा आवाज का करते ही?" आणि कानसेन तिला आणखी एक किक मारतात.

सकाळी मात्र सून निघताना गाडी दारासमोर चालू करते आणि थांबते. कानसेन चहा अर्धा टाकून बाहेर येतात. वाकून दांडी लावतात, डोळे मिटतात. बायको खिडकीतून बघत असते. गळका नळ गेल्याच महिन्यात दुरुस्त झाला आहे.

"काय म्हणते, बाबा?" सून विचारते.

"काही नाही म्हणत."

"मग निघू?"

कानसेन आणखी थोडे ऐकतात. आत लांबवर बारीक शिट्टी असते, तिच्यामागे टिकटिक, आणि पाण्याचा काहीच आवाज नसतो. ते दांडी काखेत धरतात आणि तिच्या वाटेतून बाजूला होतात.

"नीघ," ते म्हणतात.