कारभाऱ्याची पानं

एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात सहा कॉम्प्युटर राहतात, असं तेजश्रीनं वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, भाडं किती देतात? मागच्या वर्षीची तेजश्री असती तर मान खाली घालून बसली असती. पण यंदा नववीत आल्यापासून तिच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे; फळ्यापाशी ये म्हणायचा अवकाश, ती खडू घेऊनच उठायची. तिनं फळ्यावर एक पेटी काढली, पेटीत सहा खोल्या काढल्या आणि प्रत्येक खोलीला बाहेर एक पडदा आणि एक कीबोर्ड जोडला. खोल्या खोट्याच, म्हणजे त्यांना स्वतःचं लोखंड नाही, पत्रा नाही. पण पडद्यासमोर बसणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्याला वाटतं, अख्खा कॉम्प्युटर आपलाच.

या सहा जणांना सकाळी उठवायचं आणि संध्याकाळी झोपवायचं, हे काम पेटीतलंच एक सॉफ्टवेअर करायचं. त्याचं इंग्रजी नाव आगगाडीएवढं लांब होतं. तेजश्रीनं त्याला कारभारी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं.

ही पेटी मुळात तिच्या चुलतभावाच्या, अनुपमदादाच्या, पुण्यातल्या ऑफिसातून निघालेली. जुनी झाली म्हणून ते टाकून देत होते. दादानं ती मागून घेतली आणि कर्जतला घरी न आणता थेट खालापूर तालुक्यातल्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत नेऊन बसवली. तिथं वाड्या-पाड्यांतल्या मुली राहून शिकायच्या, आणि शाळेत कॉम्प्युटर म्हणून होता तो फक्त फळ्यावर काढलेला.

कारभारी मोठा आज्ञाधारक. एका फाइलीत दहा-बारा ओळी लिहून ठेवायच्या, की तो अक्षरशः तेवढंच करणार. या ओळींचा अर्थ सांगणारी पानं मात्र इंग्रजीत होती. सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. पानं कुणीही सुधारावीत, कुणीही आपल्या भाषेत आणावीत. तेजश्रीनं मे महिन्याच्या सुट्टीत बसून ती सगळी मराठीत आणली आणि पाठवून दिली. तिकडून आभाराचं उत्तर आलं, पानांखाली तिचं नाव लागलं. घरात श्रीखंड झालं. निवृत्त हेडमास्तर असलेल्या दत्तोपंत आजोबांनी पानं वाचून, भाषा फार प्रौढ आहे हो, असा शेरा दिला. तिनं तो कौतुक म्हणून ठेवून घेतला.

आणि मग आश्रमशाळेतून फोन यायला लागले.

पेटीची जबाबदारी तिथं भागीकडे होती. भागी ठाकूरवाडीची, तीही नववीतच, पण वर्गात सगळ्यांत उंच. तेजश्रीची पानं छापून, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून पेटीशेजारी टांगली होती, आणि भागी त्या पानांप्रमाणे सगळं करायची. तरी दर आठवड्याला कधी ना कधी सकाळी काही कॉम्प्युटर उठायचेच नाहीत. उठले तरी काल केलेलं सगळं गायब. मग दादानं पुण्याहून यायचं, दुपारभर खटपट करून सगळं सुरू करून द्यायचं आणि परत जायचं.

भागीचं त्यात फार नुकसान व्हायचं. ती एक खेळ तयार करत होती. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात आणि ती गाडीला घाटावर ढकलतात, ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर रोजचं. खेळात आपण तेच करायचं: गाडी किती जड आहे ते बघायचं, मागून इंजिनं जोडायची आणि गाडी घाट चढवायची. खेळ अर्ध्यावर यायचा आणि पुसला जायचा. दोनदा तिनं तो पहिल्यापासून केला होता.

शेवटी दादा कंटाळला. त्यानं सांगून टाकलं की येत्या शनिवारी तो टेंपो घेऊनच येणार. त्या दिवशी पेटी नीट झोपून नीट उठली तर राहील, नाहीतर ती कर्जतला तेजश्रीच्या शाळेत जाईल, तिथं निदान कॉम्प्युटरचे सर आहेत. तेजश्रीच्या वर्गाला ही बातमी कळली तेव्हा तिथं आनंदीआनंद झाला. तिला मात्र जेवण गेलं नाही. दोष पेटीचा नव्हता, भागीचाही नव्हता. उरली ती पानं, आणि पानांखाली नाव कुणाचं होतं ते जगाला माहीत होतं.

तिनं दादाला सांगितलं की शनिवारी मी पण येणार आणि भागीला सगळं नीट समजावणार. दादानं टेंपोत बसतानाच तिला अट घातली.

"समजावायचं नाही. ती पानं वाचेल, ती करेल. तू शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. पानांबरोबर तू रोज खालापूरला येणार आहेस का?"

तेजश्रीला गप्प बसवणं म्हणजे वाहत्या पाटाला थांब म्हणणं. तरी तिनं कबूल केलं.

शनिवारी शाळा दुपारची सुटली. कॉम्प्युटरच्या खोलीत भागी पेटीसमोर बसली, तेजश्री तिच्या शेजारी, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. दादा दारात. बाहेर व्हरांड्यात सदूमामा उभे होते, शाळेचे शिपाई. भागीनं पानं काढली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला घेतली. दोन ओळी झाल्या आणि ती थांबली. पानावर होतं, बंद करतेवेळी निद्रा किंवा समाप्ती यांपैकी पर्याय आवश्यकतेनुसार निवडावा.

"गरज माझीच हाय," भागी स्वतःशीच म्हणाली, "पन निवडू काय, ते नाय समजत."

तेजश्रीच्या ओठांपर्यंत उत्तर आलं. निद्रा म्हणजे जे उघडं आहे ते तसंच्या तसं डिस्कवर उतरवून ठेवणं, उद्या तिथूनच पुढं. समाप्ती म्हणजे सगळं मिटवून बंद. पण हे पानावर कुठंच नव्हतं. इंग्रजीतही नव्हतं, म्हणून तिनंही घातलं नव्हतं. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं. भागीनं थोडा विचार करून निद्रा ठेवली, जी आधीपासून होती, आणि पुढं वाचलं: आज्ञा दिल्यानंतर सर्व यंत्रे निद्रिस्त होतात व तदनंतर मुख्य यंत्र आपोआप बंद होते. तिनं आज्ञा दिली. सहाही पडदे काळे झाले.

"मामा, झालं," तिनं हाक मारली.

सदूमामांनी व्हरांड्यातल्या मेनचा खटका खाली ओढला. पंखे थांबले, खोलीत एकदम शांत झालं.

एकदम शांत झालं, हेच तेजश्रीच्या कानाला खटकलं. म्हणजे तोवर काहीतरी घुमत होतं. पडदे काळे झाल्यावरही पेटी आतून घुं घुं करत होती, आणि मामांचा खटका पडला तेव्हा ती गप्प झाली.

थोड्या वेळानं मेन वर केला. पहिले तीन कॉम्प्युटर झोपेतून उठले, पुढचे तीन उठले नाहीत. भागी पाचव्यावर बसायची. तिच्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग आली आणि तिथंच थांबली. दादानं टेंपोकडे पाहिलं. भागीनं पानं कव्हरात परत घालायला घेतली.

"दादा, आता मी बोलू?" तेजश्रीनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बोलायला लागली. "भागी, मामांना तू तेव्हाच का हाक मारलीस?"

"पडदे काळे झाले की झोपली ना सगळी? तूच लिवलंयस. झोपतात आनि बंद होतात."

"आणि मामा रोज मेन बंद करतात?"

रोज, असं सगळ्यांनीच सांगितलं. दोन पावसाळ्यांपूर्वी डोंगरावरून वीज उतरली होती आणि शाळेचे पंखे, मीटर, मुख्याध्यापक सुचेताबाईंच्या खोलीतला फ्रीज, सगळं जळून गेलं होतं. तेव्हापासून शाळा सुटली की वर्गांकडचा मेन खाली, ही इथली रीत. पावसाळा असो नसो, आकाश निरभ्र असो, मामा खटका ओढल्याशिवाय जेवायला जायचे नाहीत. पुण्यात मेन रोज कोण बंद करतं? ज्यांनी ती पानं पहिल्यांदा लिहिली त्यांच्या गावातही कुणी करत नसणार. दादा यायचा दुपारी आणि जायचाही दुपारीच. संध्याकाळचा खटका त्यानं कधी पाहिलाच नव्हता. वीज गेल्यावर पेटीला तगवणारी बॅटरी तर केव्हाच मेली होती.

तेजश्रीला मग हसूच आलं, आणि ते लाजेचं नव्हतं, कोडं सुटल्याचं होतं. कारभारी सहा जणांना एकामागून एक झोपवतो. पहिल्याचं सगळं उतरवून ठेवायचं, मग दुसऱ्याचं. पडदे लगेच काळे होतात, पण त्याचं काम चालूच असतं. तीन जण होईपर्यंत मामांचा खटका पडायचा आणि उरलेले तीन अर्धवट झोपेत मरायचे. भागीनं पानांप्रमाणेच केलं होतं. पानंच अपुरी होती.

"मंग असं लिव की," भागी म्हणाली. "तुझ्या त्या तदनंतरला काय करू? किती येळ, ते नाय त्यात. झालं कसं समजायचं, ते पन नाय."

दोघी जमिनीवर बसल्या. तेजश्री लिहायची, भागी खोडायची. तेजश्रीनं 'प्रतीक्षा करावी' लिहिलं, भागीनं त्याचं 'थांबा' केलं. निद्रा की समाप्ती, यावर थोडी हमरीतुमरी झाली. भागीचं म्हणणं पडलं की मुली काम सेव्ह करायला विसरतात, तेव्हा झोपच बरी, पण पानावर दोन्हीचा फायदा-तोटा यायला हवा. मग तिनं पेटीला कान लावला, पुढून बघितलं, मागून बघितलं. पेटीच्या तोंडावर एक निळा दिवा होता. त्याच्याबद्दल कुठल्याही पानात अक्षर नव्हतं. आज्ञा आणि फायदे-तोटे लिहून झाल्यावर कागदावर अगदी खाली आलं ते असं:

पडदे काळे झाले म्हणजे काम झालं नाही. कारभारी अजून जागा आहे. पेटीचा आवाज ऐका, निळा दिवा बघा. आवाज थांबला आणि दिवा विझला की मगच मेन बंद करा. वेळ लागतो. थांबा.

मधल्या वेळात दादानं तीन आजारी कॉम्प्युटर उठते केले. भागीच्या खेळाची आदल्या दिवशीची प्रत त्यानं आल्याआल्याच पेनड्राइव्हवर काढून ठेवली होती, ती परत घातली. भागी नव्या पानानं पुन्हा करून बघायला उठली, तर त्यानं तिला बसवलं. ज्यानं पान लिहिलं त्यानं ते तपासायचं नाही, म्हणाला. ज्यानं ते कधी पाहिलेलं नाही त्याला वाचू दे.

असा माणूस तिथं एकच होता. सदूमामा आधी नको म्हणाले, मग चष्मा पुसून खुर्चीत बसले. दोघी मुली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, दोघींनी आपापलं तोंड हातानं दाबलं. मामांनी एकेक ओळ वाचली, एकेका ओळीप्रमाणे बटणं दाबली, आणि पडदे काळे झाले तशी सवयीनं उठून व्हरांड्यात गेले. हात खटक्यावर गेला. भागीनं तेजश्रीचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मामा थबकले. परत आत आले, पान उचललं आणि शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या.

"जागा हाय म्हनतो अजून," ते म्हणाले आणि पेटीसमोर स्टूल ओढून बसले.

बराच वेळ गेला. टेंपोचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. मामा दिव्याकडे असे बघत होते की जणू चुलीवर दूध ठेवलंय. मग घुमणं मंदावलं, थांबलं. दिवा गेला. मामांनी मुलींकडे पाहिलं, त्या काही बोलेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच मान डोलवली आणि जाऊन मेन खाली ओढला.

पुन्हा मेन वर केला तेव्हा पहिला उठला, दुसरा, तिसरा. चौथ्यानं जरा वेळ घेतला. पाचव्यावर भागीची गाडी घाटाच्या पायथ्याशी जशीच्या तशी उभी होती. सहावा उठला तो कुणी पाहिलाच नाही, कारण सगळे पाचव्याभोवती गोळा झाले होते. दादानं व्हरांड्यातून ड्रायव्हरला हात करून सांगितलं की काही न्यायचं नाहीये. मामांनी पानाची एक नक्कल मागून घेतली आणि मेनच्या वरच्या भिंतीवर, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, भाताच्या शितांनी चिकटवली.

नवं पान सॉफ्टवेअरवाल्यांकडे पाठवायचं तर नावं दोन घालावी लागतील, असं तेजश्रीनं सांगितलं. इंग्रजीतही हे घालायला हवं, मेन बंद करणारी गावं काय एकटी आपलीच असतील? भागीनं हो म्हणून मान हलवली. तिचं लक्ष पडद्यावर होतं. तिनं खुर्ची अर्धी सोडली आणि तेजश्रीला शेजारी बसवलं. तेजश्रीनं मोठ्या ऐटीत गाडीला मागून एक इंजिन जोडलं आणि गाडी सोडली. गाडी थोडी चढली, थांबली आणि हळूहळू उलटी घरंगळायला लागली.

"एकानं नाय व्हायचं गं," भागी म्हणाली. "जड हाय ती. अजून दोन लाव."