गुंडीची परीक्षा

माझी नात रडत नाही. चौदा महिन्यांची पोर, पण आमच्या लाँड्रीत चादरींच्या टोपलीत दिवसभर अशी बसून असायची की गिऱ्हाइकाला वाटावं, बाहुलीच ठेवलीय. "काकू, काय गुणी पोर हो!" लोक म्हणायचे. आपोआप नाही झाली गुणी. मी केली. तिच्या आईने नाव चांगलं लांबलचक ठेवलंय, आम्ही गुंडी म्हणतो.

सून इस्त्रीच्या टेबलाशी असायची. पोरगी जरा कुरकुरली की हिचा हात थांबायचा आणि खाली शर्टाची कॉलर पिवळी पडायची. मी सांगून टाकलं, "रडली की उचलायचं नाही. एकदा हाताची सवय लागली की डोक्यावर मिऱ्या वाटेल."

"आई, भूक लागली असेल तिला."

"भुकेचं रडणं मला कळतं. तीन काढलीत मी. हे लाडाचं आहे. तू कॉलर बघ."

आठवडाभर निळी पडेपर्यंत रडली. सुनेचे कपडे दुधाने ओले व्हायचे. मी म्हणायची, "पुसून घे, लोकांच्या शर्टांवर डाग नकोत." तीन महिन्यांची व्हायच्या आत कार्टी गप्प झाली. माझा मुलगाही असाच वाढलाय. बायको म्हणाली, मी सोडून जाते, तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या मोज्यांच्या जोड्या लावत होता. एक जोडी चुकली नाही.

सोडून जाते म्हणजे पोरीला घेऊन. मी म्हटलं, "तू जा, दार उघडंच आहे. गुंडी आमची." भांडण कोर्टकचेरीत गेलं. तिथून कागद आला, की महिन्याने एक बाई पोरीला बघतील आणि ती कुणाकडे राहणार ते ठरवतील.

त्याच कचेरीतला एक कारकून आमच्याकडे इस्त्रीला कपडे देतो. त्याला विचारलं, बघतात म्हणजे काय करतात?

"सोपं असतं हो काकू. आई खोलीबाहेर जाते, परत येते. तेव्हा पोर काय करतं ते लिहून घेतात."

एवढंच ना? मी लगेच तयारीला लागले. सुनेला बजावलं, "निकालाच्या आत घराबाहेर पाऊल टाकलंस तर पोरीला विसर." मग तिला दिवसातून दहा वेळा गच्चीवर कपडे वाळत घालायला पिटाळायची. पोरीने दाराकडे बघून ओठ काढला की मी टोपली भिंतीकडे फिरवायची. सून खाली आली की तिने सरळ टेबलाशी जायचं, पोरीकडे बघायचंसुद्धा नाही. पंधराव्या दिवशी गुंडीने दाराकडे बघणं सोडलं.

कचेरीतल्या बाई माझ्या धाकटीच्या वयाच्या, पेनाचं टोपण चावणाऱ्या. सतरंजीवर ठोकळे मांडलेले. आम्ही भिंतीला खुर्च्यांवर. सून बाहेर गेली. गुंडीने ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. सून आत आली, गुडघ्यांवर बसली, हात पसरले. "गुंडी, ये ना गं. ये ना आईकडे." पोरीने टेबलाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि तिसरा ठोकळा उचलला. सुनेने तोंडात बाही कोंबली.

मी मुलाच्या कानात म्हटलं, "पास."

"आजी, आता तुम्ही," बाई म्हणाल्या.

बाहेर जाऊन मी केस सारखे केले. आत आले, टाळी वाजवली. "कोण आलं? गुंडी, कोण आलं?"

तिने मान वळवली नाही.

"ठोकळ्यात रमलीय," मी म्हटलं.

"ही अजून कुणाचीच झालेली नाही, आजी." बाईंनी लिहिणं थांबवलं. "हिला सतत जवळ घेणारं माणूस हवं. आईकडेच देते मी."

"माझ्यावाचून एक तास राहायची नाही ती! उचलून न्या, बघा कसा आकांत मांडते."

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "बघूया. आई, घ्या तिला. दारापर्यंत चला."

सुनेने तिला उचललं. उचलायची सवयच नाही, तिलाही आणि पोरीलाही. गुंडीचे हातपाय नुसते लोंबत होते. ती आता तोंड उघडेल, मग उघडेल, असं मी बघत राहिले. दार आलं. माझी पोर, माझ्या दुकानात वाढलेली, आणि एक हुंदका द्यायला तयार नाही.

मी पुढे झाले. "थांब, पापा घेऊ दे." गालाला तोंड लावलं आणि खालून तिच्या मांडीला चिमटा काढला. चांगला नखांनी, पिळून.

गुंडीने माझ्या हाताकडे बघितलं. पाय जरा आत ओढून घेतला. डोळे कोरडे.

सुनेने झबलं वर केलं. मांडीवर दोन लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या.

"आई, हे काय केलंत?"

बाई बघत होत्या. मुलगाही बघत होता, नेहमीसारखाच.

"कुठे काय," मी म्हटलं. "पापा घेतला."