डबडं आणि साहेब

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि स्वभावाने जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझं बोलणं ऐकून कुणाला धक्का बसायला नको. मी रोलवर चालतो. अंग काळ्या प्लॅस्टिकचं, पोटात दोन सेल आणि एक छोटी मोटर. माझ्या खिडकीला डोळा लावला की मधोमध एक लहानसा चौकोन दिसतो. त्या चौकोनात जे येईल त्याचं अंतर मी स्वतः मोजतो आणि भिंग तेवढं पुढेमागे सरकवतो. माणसाने फक्त बटण दाबायचं. माझा जन्म झाला तेव्हा या ऑटोफोकसचं केवढं कौतुक होतं!

कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला जोडलं. एकीने भिंग बसवलं, दुसरीने मोटर, तिसरीने पट्ट्यापट्ट्यांचा कागद समोर धरून माझी नजर तपासली. दुकानाच्या काचेत मला फार काळ ताटकळावं लागलं नाही. प्रसूतिगृहात काम करणाऱ्या एका परिचारिकेने मला आपल्या पगारातून विकत घेतलं. आज ती आजी झाली आहे, म्हणून मी तिला आजीच म्हणतो. घरी जाताना तिने मला पिशवीत टाकलं नाही, हातात धरून नेलं. मला वाटलं, झालं, आता आपण घरचे लाडके.

दार उघडलं आणि समोर साहेब बसलेले दिसले.

साहेब म्हणजे तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आजोबांचा, कॅमेरा. धातूचं अंग, चामड्याचं कव्हर, बसायला काचेचं कपाट. त्यांना सेल लागत नाही आणि मोटरही नाही. अंतर माणसाने डोळ्यांनी बघून, भिंगाभोवतीचं कडं फिरवून जुळवायचं. आजोबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. त्यांच्या नजरेचा सगळ्या कचेरीत दबदबा होता. केसाएवढी रेघ जरी वाकडी असली तरी ती त्यांना लांबून दिसायची. असा माणूस माझ्यासारख्याला कशाला विचारतो? त्यांनी मला हातात घेतलं, खालीवर केलं आणि बायकोला म्हणाले, "हे काय डबडं आणलंस?"

तेच माझं नाव पडलं. साहेबांना दर महिन्याला मऊ ब्रशने झाडत, फुंकून पुसत. मला टॉर्च, टेप आणि अर्धवट जळलेल्या मेणबत्त्यांच्या खणात जागा मिळाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

माझ्यात एक खोड होती, ती मी लपवत नाही. दोन माणसं शेजारी उभी राहिली की माझा चौकोन नेमका त्यांच्या डोक्यांच्या मधल्या फटीत पडायचा. मग दोघं धूसर आणि मागची भिंत लख्ख. आजोबा असे फोटो पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे. "बघा, रंग कुठे उडालाय ते छान कळतं," असं म्हणून हसायचे. साहेबही कपाटात गालातल्या गालात हसत असणार, मला खात्री आहे.

यावरचा उपाय आजीने शोधून काढला. बटण आधी अर्धंच दाबायचं, तेही एका चेहऱ्यावर चौकोन धरून. मी अंतर धरून ठेवतो. मग हवं तसं सरकायचं आणि उरलेलं दाबायचं. असे तिने माझ्याकडून किती फोटो काढून घेतले! प्रसूतिगृहात ती मला खिशात घेऊन फिरायची. जांभई देणारी, मूठ चोखणारी, नुकतीच जगात आलेली बाळं. साहेबांचं कडं फिरवेपर्यंत बाळ झोपून जाईल! बाळांच्या आया माझ्याकडे बघून हसायच्या आणि फोटो हातात आला की डोळ्याला पदर लावायच्या. माझं मिरवायचं ठिकाण तेच. घरात मात्र भिंतीवर साहेबांचे धरण, पूल आणि सूर्यास्त लागले, माझे फोटो अल्बमात मिटले गेले.

मग फोन आले. सगळ्यांना वाटतं की मी फोनवर जळत असेन. अजिबात नाही. फोनने साहेबांनाही घरी बसवलं, हे बघून मला उलट आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण घरी बसूनही साहेब काचेत आणि मी खणातच. माझ्या पोटात विसरलेल्या सेलांना पाणी सुटलं, सेलांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट चुरा साचला आणि मी मुका झालो.

मला बोलतं केलं नातीने. ती गुरांची डॉक्टर. टेप शोधताना मी तिच्या हाताला लागलो. तिने व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून माझं पोट स्वच्छ केलं, नवे सेल घातले, आणि मी घर्रर्र केल्याबरोबर ती जागच्या जागी उडी मारून ओरडली, "आजी, हे चालतंय!" तिच्या मैत्रिणी हल्ली असेच कॅमेरे शोधत हिंडतात म्हणे. रोल महाग, धुऊन देणारं दुकान गावात एकच, तरी त्यांना त्याचंच वेड. "फोटो लगेच दिसत नाही, हीच तर मजा," असं ती आजोबांना सांगत होती. मी ऐकतच राहिलो.

नातीला डोंगरातल्या दवाखान्यात नोकरी लागली होती. जाताना तिला एक कॅमेरा हवा होता. एकच, कारण दोन्ही वापरायला वेळ मिळायचा नाही.

"साहेबांना ने," आजोबा म्हणाले. "आयुष्यभर पुरेल."

"अहो, वासरू काय फोकस होईपर्यंत उभं राहणार आहे?" आजी म्हणाली. "डबडं ने गं."

शेवटी पैज लागली. दोन्ही कॅमेऱ्यांत एकेक रोल घालायचा, आजोबांनी साहेब घ्यायचे, आजीने मला, आणि एकाच सकाळी भाजीबाजारात फोटो काढायचे. ज्याचे फोटो चांगले, तो डोंगरात जाणार. मित्रांनो, मला दुसरं काही नको होतं. मोकळं आकाश, पळणारी जनावरं, आणि कपाटात एकटे पडलेले साहेब!

बाजारात मी भराभर कामाला लागलो. कोथिंबिरीवर पाणी मारणारी बाई, हातगाडीवाला, उन्हात डोळे बारीक करून हसणारी नात. आजोबा मात्र एकेका फोटोला फार वेळ घेत होते. कडं इकडे फिरवत, तिकडे फिरवत, खिडकी रुमालाने पुसून पुन्हा डोळा लावत. मी मनात म्हटलं, साहेब म्हातारे झाले.

रोल धुऊन आले, तेव्हा घरात आजी, आजोबा आणि नात एवढीच होती. माझे फोटो बघून आजी खूश झाली. मग नातीने आजोबांचं पाकीट उघडलं. एकही चेहरा नीट नव्हता. सगळे धुक्यात उभे असल्यासारखे.

"जरा हललेत, आजोबा."

"माझा हात हलत नाही."

मी जिंकलो होतो. एवढ्या वर्षांनी साहेबांचं नाक कापलं गेलं होतं, आणि मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण आजीने ते फोटो एकेक करून बघितले आणि हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला दिसत नाही का?"

आजोबांनी रिकामं पाकीट बाजूला सारलं. "डॉक्टरांकडे जाऊन आलोय. डोळ्याचा पडदा झिजलाय. ऑपरेशनने बरं होणारं नाही म्हणाले."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"काय सांगू? कडेचं दिसतं, मधलं जातं. तुझ्याकडे बघितलं की खांदे दिसतात, केस दिसतात. चेहरा तेवढा पुसल्यासारखा होतो." मग ते नातीकडे वळले. "डबडं जिंकलं. घेऊन जा."

नातीने मला उचललं, बॅगेकडे नेलं आणि मधेच थांबली. परत येऊन तिने मला आजोबांच्या डोळ्याला लावलं. "आता काय दिसतंय?"

"चौकोन दिसत नाही. कडेला काहीतरी हिरवं लुकलुकतंय."

"अर्धं बटण दाबल्यावर ते हिरवं स्थिर झालं की झालं. बाकी त्याचं काम."

आजी समोरच्या खुर्चीत बसली. "आधी अर्धंच दाबा हं," ती म्हणाली. आजोबांनी मला तिच्या आवाजाच्या रोखाने धरलं. त्यांचं बोट अर्ध्यावर थांबलं. मी माझ्या चौकोनातून बघितलं. त्यांना जिथे दिसत नव्हतं, नेमकं तिथेच मी बघत होतो, आणि तिथे आजीचा चेहरा होता. हिरवा दिवा स्थिर झाला. त्यांनी उरलेलं बटण दाबलं.

नातीने साहेबांना बॅगेत ठेवलं. जिंकलो मी आणि डोंगर बघायला गेले ते! तिची पत्रं येतात, सोबत ओढ्यांचे, वासरांचे फोटो असतात. चांगले असतात. माझा जळफळाट होतो.

आजीचा तो फोटो धुऊन आला, तेव्हा आजोबांनी तो नाकाला लावून बघितला, तिरका धरून बघितला. "स्पष्ट आलाय का गं?"

"एकेक सुरकुती मोजता येईल."

"मग मोज. मला सांग."

आजी हसली आणि कपाळापासून सुरुवात केली. ते डोळे मिटून ऐकत होते.

मित्रांनो, तुमच्याही एखाद्या खणात माझा भाऊबंद पडलेला असेल. त्याच्या पोटातले सेल काढा, पट्ट्या पुसा, एक रोल घाला आणि बघा. तो कुणाच्या कामाचा आहे, हे खणातल्या खणात ठरवून टाकू नका. आणखी पुष्कळ सांगायचं होतं, साहेबांबद्दल तर फारच, पण आता थांबतो. आजोबा टेबलावर हात फिरवून मला शोधताहेत.