उजवी कळी

आमच्या घरात मला कधी कोणी नको म्हटलं नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण इथे सर्वणला सासरच्या बायका अजून म्हणतात, तुला बापानं शिकू दिलं नसेल. तसं काही नव्हतं. माझे बाबा, जयराम मास्तर, पेडण्याकडच्या आमच्या गावात मराठी शाळेचे हेडमास्तर होते आणि मुलींना शाळेत घाला म्हणून दारोदार सांगत फिरायचे. नको म्हणणारा बाप असता तर एका अर्थी बरं झालं असतं. त्याच्याशी भांडता आलं असतं.

बाबा नको म्हणत नसत. ते देवाला विचारत.

आमच्याकडे प्रसाद लावतात. रवळनाथाच्या काळ्या पाषाणाला पाणी लावून गुरव फुलाच्या दोन कळ्या चिकटवतो, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विहीर खणायची, म्हैस विकायची, पोराला मुंबईला धाडायचं, सगळं असं विचारून. बाकीच्या गावांत म्हणे कळी अडून राहिली की थोड्या वेळानं काढतात आणि दुसरी लावतात. आमच्या गावचा रिवाज कडक. लावलेली कळी माणसानं काढायची नाही, आणि देव उत्तर देईपर्यंत त्या कामाला घरातल्या कोणी हात लावायचा नाही. आमचे लोक जरा जास्तच शहाणे.

कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायला सुमन मॅडम होत्या. फोंड्याच्या, अंगानं बारीक, तोंडानं तिखट. बाकीची पोरं मैत्रीण घेईल तो विषय घेत, नाहीतर ज्याचं जर्नल आयतं मिळेल तो. मला मात्र पहिल्याच वर्षी मॅडमनी प्रयोगशाळेत थांबवून घेतलं आणि विचारलं, "तुला शेवटी करायचंय काय?"

मी म्हटलं, "आमच्या कुळागरात पावसात सुपाऱ्या कुजून गळतात. कोळेरोग. तो कसा होतो ते मला बघायचंय."

त्यांनी फळा पुसला. "मग शेवटाकडून सुरुवात करू," म्हणाल्या. सगळ्यात वर त्यांनी एमएस्सी लिहिलं. त्याखाली तिसरं वर्ष, सगळंच्या सगळं वनस्पतिशास्त्र, म्हणजे बुरशी आणि झाडांचे रोग हे पेपर नीट पदरात पडतात. त्याखाली दुसरं वर्ष, वनस्पतिशास्त्राच्या जोडीला रसायनशास्त्र, कारण पुढे त्याच्यावाचून अडतं. प्राणिशास्त्र पहिल्या वर्षानंतर सोडायचं. आईला त्यातलं एवढंच कळलं की पोरीचे बेडूक कापायचे सुटले, आणि तिनं त्यासाठी देवाला नारळ दिला.

अडचण एकच होती. आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र नव्हतं. त्यासाठी पणजीला जायला हवं, मावशीकडे राहून. "तिथे जागा थोड्या असतात," मॅडम मला दोन वर्षं बजावत होत्या. "निकाल लागला की लगेच जाऊन नाव घाल. घोळ घालू नकोस." फळ्यावरची ती मांडणी मला तोंडपाठ होती. माझ्या वयाच्या पोरी सिनेमाची गाणी पाठ करत, मी पेपर पाठ केले होते.

दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात भाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. बाबा मराठीवाले, मावशीचे यजमान कोंकणीवाले. दोघांनी एकमेकांशी अबोला धरला, आणि एकमेकांना शिव्या घातल्या त्या अगदी एकाच भाषेत. मग राजभाषेचा कायदा झाला, मे महिन्यात गोव्याचं राज्य झालं, बाबांनी शाळेत पेढे वाटले, दोघांचं बोलणंही सुरू झालं. आमची प्रात्यक्षिकं मात्र मागे पडली ती पडलीच. परीक्षा लांबली, आणि निकाल लागला तो भर आषाढात.

मला पहिला वर्ग मिळाला. पणजीचा अर्ज मी बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं, आणि पुन्हा टोपण लावलं.

"बाये, मी नको म्हणतंय? पण परक्या गावात एकटा चेडू. देवाक इचारूया. देव सांगात ता करूया."

खरं सांगते, मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही. देव होय म्हणणार याची मला खात्रीच होती. पिटकोळीच्या कळ्या मी स्वतः तोडून आणल्या, चांगल्या टपोऱ्या बघून.

बाबली गुरवानं त्या लावल्या. "बा देवा म्हाराजा, जयराम मास्तराचा चेडू पणजेक शिकूक जाऊचा म्हणता. होय आसात तर उजवी दी, नाय आसात तर डावी दी."

"होय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

देवानं काहीच दिलं नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. गाभाऱ्याच्या भिंतींना ओल सुटली होती, पाषाणाला घाम फुटल्यासारखं पाणी सुटत होतं, आणि दोन्ही कळ्या आपापल्या खांद्यावर मजेत बसल्या होत्या. मी रोज दोनदा देवळात जाऊन बघायची. आई म्हणाली, देवाला विचार करायला वेळ लागतो. मी मनात म्हटलं, देवाला लागू दे, पणजीच्या ऑफिसला लागत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी समईच्या उजेडात मला उजव्या कळीच्या देठाशी पांढरी लव दिसली. बुरशी. जे शिकायला मला पणजीला जायचं होतं, ते देवाच्या खांद्यावर उगवलं होतं आणि मी उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी होते. मला रडू आलं. बाजूच्या बायकांना वाटलं, पोर किती भाविक आहे.

त्या संध्याकाळी मी बाबांशी बोलले. मी लहान असताना त्यांनीच आम्हाला वर्गात दोन पाट्या ओल्या करून दाखवल्या होत्या. एक उन्हात ठेवली, एक सावलीत. कुठली आधी सुकते बघा, आणि का ते सांगा. मी त्यांना त्याची आठवण दिली.

"बाबा, पावसात कळी सुकणा नाय. सुकल्याशिवाय ती पडाची नाय. गाभाऱ्याक वारो येऊक एक जनेलसुद्धा नाय. तुमीच तर शिकयल्यात."

बाबांना कळलं नाही असं नाही. त्यांना कळलं, तेच मला जास्त लागलं.

"ती पाटी गो," ते म्हणाले. "ह्यो देव."

पणजीला मी नाव घालायला गेले नाही हे कळलं म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशी सुमन मॅडम स्वतः आमच्या घरी आल्या. बसस्टॉपपासून चिखल तुडवत, पार भिजून. बाबांनी त्यांना स्वतःचा टॉवेल दिला, चहा दिला, गरम उंडे पाव आणवले. मॅडमनी हात जोडले. "मास्तर, एक सही. उद्या मी स्वतः नेऊन देते." बाबांनीही हात जोडले. "बाई, काम देवाकडे घातलंय. तिथून सुटल्याशिवाय मी कागदाला कसा हात लावू?" दोन शिक्षक समोरासमोर हात जोडून उभे होते आणि मध्ये मी, पहिल्या वर्गात पास झालेली.

मी मॅडमना बसपर्यंत पोचवायला गेले. बस दिसली तेव्हा म्हणाल्या, "सुमंगला, मी सगळं धरून आखलं होतं गो. पेपर, जागा, बस, मावशी. देव तेवढा धरायचा राहिला."

मुदत गेली. त्यानंतर दोन दिवसांनी उघाड पडली. कडकडीत ऊन आलं, घरोघरी गोधड्या वाळत पडल्या, आणि दुपारी बाबली गुरव धावत आमच्या अंगणात आला.

"मास्तरानू, उजवी! उजवी दिल्यान देवान!"

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी आल्यागेल्याच्या हातावर साखर ठेवली. अर्जावर सही केली, इतकी सुरेख की शाळेच्या दाखल्यावरही कधी केली नसेल. मुदत संपल्याचं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, देवानं दिलंय, आता माणूस काय अडवणार? उजवी कळी रुमालात बांधून ते दुसऱ्या दिवशी पहाटे मला घेऊन निघाले. मांडवीवरचा पूल आदल्या वर्षी पडला होता, म्हणून बेतीहून फेरीबोटीनं पलीकडे गेलो. बोटीत बाबा मला मावशीकडे कसं वागायचं ते समजावत होते.

ऑफिसातला क्लार्क चांगला माणूस होता. त्यानं यादी बघितली, पुन्हा बघितली. "जागा भरल्या, सर. तीन दिवस आधी आला असता तर झालं असतं. उशीर का केला?"

बाबांचा हात खिशातल्या रुमालावर गेला. मी वाट बघत होते. गावात ज्या तोंडानं ते रवळनाथाचं नाव घेत, त्या तोंडानं त्यांनी तिथे एकदा तरी सांगावं असं मला फार वाटलं. सांगितलं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. ते म्हणाले, "पावसामुळे."

परतीच्या फेरीत आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो.

पुढच्या वर्षी मीच पहिली जाणार असं सगळे म्हणत होते. मी घरी बसून मॅडमनी दिलेली पुस्तकं वाचली, कुळागरात कुजलेल्या सुपाऱ्या चिरून बघितल्या. वैशाखात सर्वणहून स्थळ आलं. मुलगा गोकुळदास, डिचोलीकडच्या खाणीवर कारकून, निर्व्यसनी. त्यांना पोरगी शिकलेली हवी होती, पण आणखी शिकायला नको होती. आई हुरळली. बाबा म्हणाले, देवाला विचारूया.

त्या दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नव्हता. गाभाऱ्यातसुद्धा भट्टी झाली होती. बाबलीनं कळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं, आणि मुलाचं नाव घेऊन होतंय न होतंय तोच उजवी पडली.

"देवाक किती घाई!" आई म्हणाली आणि हसली. बायकांनी हात जोडले. तेवढ्यात डावीही पडली. तिच्याकडे कोणी बघितलं नाही, मी आणि बाबा सोडून.

बाबांनी दाराबाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती दोन पाट्यांची गोष्ट त्यांना आठवत होती, हे त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "बाये, तुका पसंत आसा मां?"

एवढ्या वर्षांत बाबांनी मला पहिल्यांदाच विचारलं. आणि तेही देवाचं उत्तर येऊन गेल्यावर. बाबली ताटात साखर घेऊन समोर उभा होता. मी हात पुढे केला.