खंडेनवमीनंतरची लॅब

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली आणि गारगोटीच्या आमच्या हायस्कुलातली बाराही टर्मिनलं अडून बसली. बटण दाबलं की पडद्यावर ठिपके उमटायचे, एक ओळ, दोन ओळी, आणि शेवटी पत्ता मिळाला नाही असं इंग्रजीत लिहून यंत्र गप्प.

तासाभरात गुन्हेगारही ठरला. नववीतली कशिश. सुट्टीआधी शनिवारी सर्व्हरवर शेवटी तीच बसली होती, एवढ्यावर हेडसरांनी भर वर्गात लॅबच्या यादीतून तिचं नाव खोडलं आणि बापाला बोलावून घेतलं.

मी निवृत्त झाल्यावर संगणकाचे तास हौसेनं घ्यायचो. त्या दिवशी पोचलो तेव्हा तिचा बाप लालासाब तिच्याशेजारी ऑफिसात हेडसरांपुढं उभा होता. वेल्डिंगच्या दुकानातून तसाच आलेला, हात काळे.

"पोरीला पुढं शिकवणार हुतो," तो म्हणत होता. "पर यंत्रं मोडत्या म्हणताय, तर बास झालं. उद्यापासनं न्हाय येणार ती."

"अब्बा, मी काय केलं न्हाय..."

"गप!"

माझं टाळकं फिरलं. "हेडसर, सर्व्हर उघडून कुणी बघितला का?"

"पृथ्वीराजनं बघितला की." पृथ्वीराज म्हणजे लॅबचा इनचार्ज.

"सेटिंग बिघडवलंय हिनं, गुरुजी," तो म्हणाला.

"कुठलं सेटिंग?"

"ते... बघाय लागंल."

"म्हणजे न बघताच पोरीला फासावर चढवलंत! चला लॅबमध्ये. सगळे चला. लालासाब, तुम्हीसुद्धा."

लॅबमध्ये मी कशिशलाच सर्व्हरपुढं बसवलं.

"पिराजीराव, परत तिलाच हात लावू देताय?" हेडसर माझ्यावर ओरडले.

"लावू दे. आता काय बिघडायचं राहिलंय? कशिश, टर्मिनलच्या पोटात काय असतं?"

"काय न्हाय, गुरुजी. रिकामं. सगळं सर्व्हरकडनं येतंय." तिचा आवाज रडवेला होता.

"मग चालू झाल्या झाल्या ते काय करतं?"

"वरडतंय. माझा नंबर काय म्हणून. सर्व्हर नंबर देतो, मग पुढचं सुरू हुतंय."

"हाक सर्व्हरपर्यंत पोचली का, कुठं कळेल?"

तिनं नोंदी उघडल्या. शनिवारी बारा हाका, बारा नंबर. त्यानंतर एकही हाक नाही. सेटिंग जसंच्या तसं.

"सर्व्हर बिघडला न्हाय, गुरुजी. त्याच्यापतोर हाकच येत न्हाय."

"मग वायर कुठं जाते ते बघ."

तिनं सर्व्हरचा डबा भिंतीपासून ओढला. मागं दोन भोकं. वरच्यात इंटरनेटची वायर, खालच्यात टर्मिनलांची, असं आमचं ठरलेलं. तिनं एकेक वायर बोटानं धरत शेवटापर्यंत नेली आणि थांबली. "उलट्या लावल्यात."

"आणि खालच्या भोकात बघ."

तिनं वायर उपसली. आत कुंकू होतं. डब्याच्या माथ्यावरही हळदीकुंकवाची बोटं, वर वाळका झेंडू.

"वायर जागेवर असती तर कुंकू आत गेलं असतं का रे, पृथ्वीराज?"

त्यानं मान खाली घातली. "खंडेनवमीला पूजा केली. पुसायला म्हणून वायरी काढलेल्या. परत लावल्या की."

"कशा लावल्या?"

"बसतील तशा. दोन्ही भोकं सारखीच हायत की!"

कशिशनं वायरी बदलल्या. पहिल्या टर्मिनलवर दुसऱ्याच ठिपक्याला नंबर आला. मग बाकीची अकरा.

"झालं ना सुरू?" हेडसर वळले. "पूजेच्या गडबडीत झालं असंल. विषय संपला."

"संपला?" मी दारात आडवा झालो. "यादी आणा. नाव लिहा."

"नंतर लिहितो. खिडकीतनं पोरं बघाय लागल्यात."

"खोडताना बघत नव्हती? आत्ता लिहा!"

यादी आली. हेडसरांनी दातओठ खात नाव लिहिलं आणि पेन टेबलावर आपटलं. पृथ्वीराज फडकं घेऊन नसलेली धूळ पुसत बसला. कशिशकडं दोघांनीही बघितलं नाही.

"चल," लालासाब म्हणाला. "उद्या येशील तू."

ती जागची हलली नाही. "तुमीबी मला इचारलं न्हाईसा, अब्बा. नुसतं गप म्हणलासा."

लालासाबनं काळे हात पँटला पुसले. "व्हय," तो म्हणाला. "चुकलं माझं."

त्या खोलीत हे म्हणणारा तो एकटाच निघाला.